जाळीदार वाण

भाऊजी, तुमची गाडी काल दुपारी घोड्यांवरून खाली उतरवली.

इतके दिवस ती माह्या दुकानात तशीच उभी होती, चारही चाकं काढलेली, पोटाखाली लोखंडी घोड्या. रोज सकाळी शटर वर केलं का पयले तीच दिसे. टायरचं दुकान म्हटल्यावर मानसाची ये-जा असतेच. जो येईल तो विचारे, "काहो, हे लाल गाडी कोनाची?" मी म्हणे, जवायाची. मंग कुठचे जवाई, काय करतात, असं सुरू झालं का मले बोलवत नसे. मी कॉम्प्रेसर चालू करून देई. त्या आवाजात मानूस आपोआप गप्प होते. असं करत करत लय थकलो, भाऊजी. रडून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं, पण ताईसमोर रडता येत नाही, मायसमोर तर नाहीच, आन दुकानात गिऱ्हाईक.

तेरवीले तुमच्या रिठदच्या अंगणात एक जण म्हटला, "मानूस मोठा शांत होता." मी तोंड फिरवलं. तुमी आन शांत! पुण्याच्या कोण्या पोरानं वापरून विकलेली दोन दारांची बसकी स्पोर्ट्स कार घेऊन शेतात फवारणीचं औषध नेणारा मानूस शांत कसा काय असते? गावातले लोक हसत, "हे मोटर आहे का पाट? खाली बसूनच चालवा लागते." तुमी म्हटलं होतं, "जेवाले पाटावर बसतं ना? मंग तवा नाही लाज वाटत?" तेरवीले हे कोणाले आठवलं नाही. मेल्यावर मानसाले लोक धुऊन, इस्त्री करून ठेवतात. मले तर तुमी चुरगळलेलेच आठवता, टायरच्या ढिगावर बसून बिनसाखरेचा चहा पेणारे आन मले "साळेबुवा" म्हणून छळणारे.

हे सगळं सुरू झालं ते मायच्या धोंड्यावरून. अधिक महिना लागला तशी माय कामाले लागली. जवायाले वाण द्याचं, आन ते जाळीदारच पाह्यजे. अनारसे, बत्तासे, ज्याले छिद्र आहे असं काहीतरी. वाण कोणतं द्याचं हे विचाराले तिनं तुमाले फोन लावला, स्पीकरवर. तुमाले शुगर. तुमी म्हटलं, "माय, अनारसे तुमची पोरगी खाईन, मले त्याचा काय उपेग? जाळीदारच द्याचं आहे ना? मंग अलॉयचे चाकं द्या गाडीले. त्याच्यापेक्षा जाळीदार काय असते?"

आमी सगळे हसलो. ताई तिकडून हसली. माह्या बायकोच्या हातातलं पीठ सांडलं. माय तेवढी हसली नाही. फोन ठेवल्यावर मले म्हटलं, "जवाईबापूनं लगन झाल्यापासून कधी काई मागतलं नाही. पयल्यांदा तोंड उघडलं."

"माय, ते मजाक करून राह्यले."

"मजाकीत का होईना, मागतलं ना?"

आता पोराचं टायरचं दुकान. मानूस पोराले विचारीन का नाही? तर नाही. घरच्या दुकानातलं दिलं तर ते वाण कसलं, ते तर घरातलंच घरात, असं तिचं म्हणणं. तिनं गुपचूप अकोल्याच्या मावसभावाले सांगितलं. काय सांगितलं हे मले नंतर कळलं. "सगळ्यात मोठे, सगळ्यात चमकनारे. जवायाले लहान कायले?" त्या शहाण्यानं टायर चढवून चारही चाकं टेम्पोत टाकून पाठवले, आन मायनं ते मागच्या खोलीत गोधडीखाली झाकून ठेवले. मले पत्ताच नाही.

वाणाच्या दिवशी तुमी दोघं आले. पूजा मी आन बायकोनं केली, वाण मायचं. तुमचे पाय धुतले, तुमाले कुंकू लावलं, आन मायनं गोधडी काढली. पाटावर चार चाकं, एकेकावर हळदीकुंकवाचं बोट, वरच्या चाकावर दिवा. तुमी बघतच राह्यले. मंग तुमी जे हसले, भाऊजी, दिवा विझला असता. डोळ्यातून पाणी आलं तुमच्या. तुमी वाकून मायच्या पाया पडले. आमच्यात जवाई सासूच्या पाया पडत नाही. माय दोन पावलं मागं सरली, म्हटलं, "अवो, काय करता जवाईबापू, मले पाप लागीन!" ताई चाकाच्या जाळीतून बोट घालून पाहे आन म्हणे, "माय, खरंच जाळीदार आहेत वं."

मी मात्र कपाळाले हात लावून बसलो. मले लांबूनच दिसलं का हे चाक तुमच्या गाडीचं नाही. बोल्टाचे छिद्र जुळत होते तेवढं नशीब. पण चाक हबवर किती आत बसते आन किती बाहीर, त्याचं एक माप असते, आमी त्याले ऑफसेट म्हणतो. हे चाक पार आत जाऊन बसणार, टायर शॉकअपले टेकणार. वरून टायर रुंद, म्हणजे बाहीर काढलं तर मडगार्डच्या कडेले घासणार. मी हळूच म्हटलं, "बदलून आणू. अकोलाच तर आहे."

मायनं माह्याकडे असं पाहिलं जसं मी देवळातली घंटा विकाले काढली. "वान कोनी वापस करते का?"

आन तुमी, तुमी तर काय, सासूच्या बाजूनं उभे! "साळेबुवा, चाकं बसत नसतीन त गाडी बदलू. चाकं नाही बदलाचे."

मंग तुमची गाडी दुकानात आली, घोड्यांवर चढली, आन आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे तुमी भांडत, मी गोल गोल बोले. जवायाले उलटून बोलणं आमच्या हाडातच नाही. तुमचं एकच, "मधात स्पेसर टाक. चाक बाहीर येते, विषय संपला." स्पेसर म्हणजे हब आन चाकाच्या मधात बसवायची जाड चकती. मी म्हणे, पाहू. मी म्हणे, सामान नाही. मी म्हणे, आज हवा लय आहे. खरं कारण असं का चकती टाकली का तेवढा बोल्ट तिच्यातच जाते, नटाले धराले बाहीर आटे उरत नाहीत. दोन आट्यांवर चाक धरून मंगरूळपीरच्या रस्त्यानं खड्ड्यात गेलात तर? त्याच्यासाठी लांब बोल्ट पाह्यजेत, ते मागवलेत, येतीन. तुमी म्हणत, "साळे लोक जातीचेच डरपोक."

गाडी माह्याकडे अडकलेली, म्हणून तुमी रिठदवरून एसटीनं येत, वाशिमले गाडी बदलून. काम काही नसे. यायचं, टायरच्या ढिगावर बसायचं, चहा प्यायचा, चाकाले फडकं मारायचं, माह्या अकलेचं माप काढायचं, शेवटची गाडी धरून परत. मले त्रास होई, खोटं कायले बोलू. बॅलन्सिंगच्या मशीनवर मन लावून बसाव आन मागून आवाज याव, "वजन कुठं चिकटवून राह्यला? डावीकडे घे." आता मशीन फिरते तवा मागून कोणी बोलत नाही, आन मी दोन-दोन वेळा मागं वळून पाहतो. मान दुखून राह्यली.

पोळ्याच्या आधी तुमी आले ते ठरवूनच आले. "आज बसव. पोळ्याले बैलं सजतीन, माही गाडी काहून नाही?" मी म्हटलं, बोल्ट नाही आले. तुमी उठून स्वतःच पाना हातात घेतला. तवा मले काय झालं माहीत नाही. आवाज चढला माहा. जवायावर.

"भाऊजी, ठेवा तो पाना. तुमी एकटे नाही बसत त्या गाडीत. माही ताई बसते."

दुकानात दोन गिऱ्हाईक होते, ते रस्त्याकडे पाहू लागले. तुमी पाना खाली ठेवला. फडक्याले हात पुसले. मले वाटलं आता उठून जातीन आन माय मले घरात घेणार नाही. तुमी म्हटलं, "बरं. लांब बोल्ट येऊ दे." दारापर्यंत गेले, परत वळले. "पन टायर हेच रायतीन. बारीक टायर टाकून मायच्या वानाले सुकट करू नको." आन एसटी स्टँडकडे गेले. मी ओरडलो त्याचा मले पस्तावा नाही, भाऊजी. परत ती वेळ आली तर परत ओरडीन. पण त्या बोलण्यात काहीतरी कमी राह्यलं होतं, ते मले तुमी स्टँडच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर जाणवलं. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पोळ्यानंतर येतीनच.

पोळा झाला. बैल धुतले, सजवले, पुरणाचं जेवण केलं म्हणतात. आन तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हटले, हार्ट. शुगर होतीच, बीपीची गोळी तुमी मनाले येईल तवा खात. मी इकडे एकेका नटाले जीव लावून बसलो, आन तिकडे असं. कोणावर चिडाव हेच समजत नाही.

पण लोकाले समजलं. लोकाले नेहमीच समजते. तेरवीच्या आधीच बायकांमध्ये कुजबुज झाली, "धोंड्यात जवायाले काळं देलं. लोखंड आन काळं रबर. शनीचं देलं, मंग काय होईन?" कोण म्हटलं ते मी विचारलं नाही. मायच्या कानावर गेलं तेवढं खरं. तिनं ते धरून ठेवलं. घरी आली तशी भिंतीले टेकून बसली. अर्धी भाकर खाई, ती पण बायकोनं चारली तर. मले एकच म्हणे, "ते चाकं इहिरीत टाकून दे."

मी म्हटलं, "माय, ते लोखंड नाही. अ‍ॅल्युमिनियम आहे."

"मंग टायर?"

टायर काळाच असते, भाऊजी. मी काय सांगू? तुमी असते तर म्हटलं असतं, "मंग पांढरा टायर शोध ना, साळेबुवा," आन माय हसली असती. मले तसं येत नाही. मी डॉक्टरचा कागद वाचून दाखवला, शुगरचा आकडा सांगितला. ती आयकून घेई आन परत म्हणे, "मीच देलं. माह्या हातानं देलं." मायले असं पाहवत नव्हतं. घरी जाव वाटे ना आन दुकानात थांबाव वाटे ना. तिथं तुमची गाडी, इथं माय.

परवा ताई आली. एसटीनंच आली, वाशिमले गाडी बदलून, तुमच्यासारखीच. घरी न जाता सरळ दुकानात. गाडीकडे पाहून थोडा वेळ उभी राह्यली. मंग टायरच्या त्याच ढिगावर बसली. चहा मागवला, तर म्हणते, "साखर घाल. मले नाही शुगर."

मंग म्हटलं, "गाडी तयार कर विनू."

"कोन्ते चाकं लावू? जुने आहेत, पुसून ठेवले."

"जुने कायले? वानाचे लाव."

"ताई, मायनं तर..."

"मायचं मी पाहते. तू चाकाचं पाय."

लांब बोल्ट कवाचेच आले होते, खोक्यातून काढले नव्हते. काल सकाळपासून लागलो. हबमधले जुने बोल्ट ठोकून काढले, लांब बसवले. तुमची ती चकती टाकली, पण बाजारातली चालू नाही, आतून कॉलर असलेली, हबवर घट्ट बसणारी. म्हणजे तुमचंही झालं, माहंही झालं. आन रुंद टायर उतरवून एक माप बारीक टाकले. तिथं मी तुमचं आयकलं नाही. मेलेल्या मानसाची इच्छा आपण समजून घेतो, मडगार्डची कड समजून घेत नाही. सुकट नाही दिसत, पाहिलं मी सगळीकडून फिरून. चारही चाकं बॅलन्स केले, वजनं जिथं लागतात तिथंच चिकटवले. नट समोरासमोरचे कसत गेलो. ताई पाहत होती.

राह्यली शेवटची तपासणी. ती तुमीच शिकवलेली. गेल्या साली टायर बदलले तवा तुमी शेजारच्या धान्यवाल्या शेटजीकडून तुरीचे कट्टे आणून गाडीत भरले होते. वजनानं गाडी खाली बसली म्हणजे टायर घासते का कळते, असं म्हणून. शेटजी बाहीर येऊन म्हटले होते, "अहो, हे गाडी आहे का गोदाम?" तुमी मागच्या इवल्याशा सीटवर घुसून मान वाकडी करून बसले, कान पत्र्याले, आन मले म्हणत, ब्रेकरवरून ने. काल मी शेटजीकडे निघालो तर ताईनं हाक मारली.

"कुठं चालला?"

"कट्टे आनतो."

"कट्टे कायले? मायले बसव."

माय त्या गाडीत कधीच बसली नव्हती, तुमाले माहीत आहे. तुमी दर वेळी दार उघडून उभे राहत, आन ती म्हणे, "नाही बाप्पा. बसली त उठवन कोन?" तुमी म्हणत, एक दिवस बसवतोच तुमाले.

ताई घरी गेली. मी मागोमाग गेलो, दारात उभा राहून आयकलं. तिनं मायले समजावलं नाही, रागावली. "माय, त्याईनं तोंडानं मागतलं होतं. तू देलं. एवढे वर्ष त्याईनं कोनाले काई मागतलं नाही, मले बी नाही. त्याइचं मागनं तुया हातून पुरं झालं, आन तू ते इहिरीत टाकते? लोकं बोलतीन. लोकं त्याइच्या गाडीलेही बोलत होते. त्याईनं आयकलं का कोनाचं? ते चाकं पाहून तो मानूस किती हसला, ते मी पाह्यलं. मले तेवढंच पुरते, माय. तेवढं नको घेऊ माह्यापासून."

माय भिंतीले हात टेकून उठली. "लुगडं बदलू दे," म्हटलं.

दुकानासमोर आल्यावर तिनं पयले चाकाले हात लावला. जाळीवरून बोटं फिरवली. वाणाच्या दिवशीचं कुंकू मी पुसलं नव्हतं, एका चाकावर आतल्या बाजूनं थोडं राह्यलं होतं. ते तिले दिसलं. मंग मी धरलं, ताईनं धरलं, आन मायले समोरच्या सीटवर बसवली. गुडघे छातीशी आले तिचे. ताई मागं घुसली, मान वाकडी करून, कान पत्र्याले, एकदम तुमच्यावानी. मी गाडी मंगरूळपीरच्या रस्त्याले काढली.

शाळेजवळच्या ब्रेकरवर हळूच नेली. माय समोरचं धरून बसली होती. गाडी चढली, उतरली. मी श्वास धरून आयकत होतो. पयले माय बोलली.

"घासलं का?"

"नाही," मागून ताई म्हटली.

"मंग एवढा हळू काहून चालवते हा? जवाईबापू असे नेत होते का? धूळ दिसे नुसती. ने पुन्यांदा."

मी वळवून परत आणली आन जरा जोरात नेली. गाडी आदळली, मायचं डोकं टपाले लागलं. काही घासलं नाही, भाऊजी. कुठंच नाही. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आन समोर रस्त्याकडे पाहत, हात जोडून म्हटलं, "बसली बाप्पा जवाईबापू तुमच्या गाडीत. बसली." आन मंग रडली. तुमी गेल्यापासून ती रडलीच नव्हती, नुसती भिंतीले टेकून होती. मागून ताईचं बी ऐकू आलं. मले समोरचा रस्ता दिसे ना, म्हणून गाडी बाजूले लावली.

दुकानात परत आलो तर तेच झालं जे माय इतके वर्ष सांगत होती. बसली, आता उठवन कोन? मी एका हाताले, ताई एका हाताले, वढतो तर माय हलत नाही. शेटजी पाहाले बाहीर आले. माय रडता रडता हसू लागली, "राहू द्या रे, हात तुटन माहा. बसू द्या जराकसं." मंग आमी सोडून दिलं. दार उघडं ठेवलं, आन ती बसून राह्यली, पाय बाहीर टाकून, एक हात दाराच्या कडेवर. चहा तिथंच दिला तिले. रात्री अख्खी भाकर खाल्ली म्हणे.

आज ताई गाडी रिठदले घेऊन गेली. स्वतः चालवत. तुमी तिले कवा शिकवली, आमाले सांगितलं नाही. निघताना मी चारही नट परत तपासले, चारही चाकांचे. ती हसली, म्हटलं, "बस झालं विनू, भेतं किती?" गाडी स्टँडच्या वळणावर दिसेनाशी झाली, आन पान्यावरून ओरडलो त्या दिवशी जे कमी राह्यलं होतं ते आता जाऊन तोंडातून निघालं. दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानंच म्हटलं.

भाऊजी, त्या गाडीत तुमी पण बसत होते.